‘विज्ञान कुठे आहे?’ याचं उत्तर मेलेल्या जॉबमध्ये शोधा

*मी संगणकीय रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे, हे चौथं वर्ष. आमच्या लॅबमध्ये प्रथिनांच्या हालचालींची सिम्युलेशन्स चालतात. एक मोठा रन नाही, हजारो छोटे रन, आणि तेही वेगवेगळ्या संस्थांच्या क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या संगणकांच्या समूहांवर, विखुरलेले. पहिल्या वर्षी सोय म्हणून मी काही स्क्रिप्ट लिहिल्या: जॉब, म्हणजे क्लस्टरला दिलेली कामं, टाकायचे, मेलेले (मध्येच बंद पडलेले) पुन्हा टाकायचे, आउटपुट गोळा करायचं. आता त्याचं चांगलं मोठं सॉफ्टवेअर झालंय. आमची लॅब वापरतेच, बाहेरच्या दोन लॅबही वापरतात. दिवसभर निरोप येतात, ‘माझा जॉब अडकलाय, जरा बघतेस का?’ माझा स्वतःचा पेपर एकच. इतरांच्या बऱ्याच पेपरांत माझं नाव आहे, पण आभारात. सर म्हणतात, ‘हे सगळं छान आहे, पण यात विज्ञान कुठे आहे?’ संगणकशास्त्राच्या मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘हे नुसतं उपयोजन. यात संशोधन काय?’ सीनियर म्हणतात, ग्रिड कधीच संपलं, आता सगळं क्लाउड आणि एआय, या विषयावर कोण नोकरी देणार? एका कंपनीची ऑफर आहे, पगार उत्तम आहे. पण मला संशोधन करायचंय, शिकवायचंय. प्राध्यापकीची आशा धरू, की वेळेत बाहेर पडू?*

*— मधल्यामध्ये लटकलेली*

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ग्रिड संपलं का, तुम्ही करता ते संशोधन आहे का, आणि नोकरी मिळेल का. पहिल्याचं उत्तर पटकन देता येतं. तिसऱ्याचं उत्तर तुम्हाला फारसं आवडणार नाही, पण ते ऐकून घ्या. घोडं पेंड खातंय ते दुसऱ्यापाशी, त्यामुळे माझा जास्त वेळ तिथेच जाणार आहे.

आधी ग्रिडचं, म्हणजे दूरदूरच्या संस्थांचे संगणक जोडून एका कामाला लावण्याच्या पद्धतीचं. सीनियर म्हणतात त्यात अर्धं तथ्य आहे. १९९५ मध्ये सॅन डिएगोच्या सुपरकॉम्प्युटिंग परिषदेसाठी ‘आय-वे’ नावाच्या प्रयोगात उत्तर अमेरिकेतल्या १७ ठिकाणची यंत्रं तात्पुरती जोडली गेली. त्या अनुभवातून इयन फॉस्टर, कार्ल केसलमन आणि स्टीव्ह ट्यूक यांचं ग्लोबस हे अशी यंत्रं जोडणारं सॉफ्टवेअर उभं राहिलं. पुढची दहाएक वर्षं या विषयाला सुकाळ होता. ब्रिटनमध्ये ई-सायन्सचा कार्यक्रम, अमेरिकेत टेराग्रिड, जिकडेतिकडे निधी. मग २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ईसीटू आणलं आणि हवी तेव्हा हवी तितकी यंत्रं भाड्याने घेण्याची कल्पना बाजाराने उचलली. ग्लोबस टूलकिटचा सांभाळ मूळ गटाने २०१८ च्या सुरुवातीला थांबवला. आज कुणी अर्जात विषय म्हणून नुसतं ‘ग्रिड कम्प्युटिंग’ लिहिलं, तर निवड समितीतले तरुण सभासद एकमेकांकडे बघतील. इथवर सीनियर बरोबर.

पण काम कुठेही गेलेलं नाही. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या हॅड्रॉन कोलायडर या महाकाय त्वरकाचा डेटा आजही चाळीसेक देशांतल्या दीडशेच्या वर केंद्रांवर वाटून तपासला जातो. ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉनची घोषणा झाली, तेव्हा सर्नचे त्यावेळचे महासंचालक रॉल्फ ह्यूअर यांनी श्रेय देताना त्वरक आणि प्रयोग यांच्या बरोबरीने ग्रिडचं नाव घेतलं होतं. गुरुत्वीय लहरींच्या शोधामागची काही आकडेमोड अमेरिकेतल्या ओपन सायन्स ग्रिडवर झाली. पाटी बदलली, तरी पाटीमागे लोक तेच करताहेत: दुसऱ्याच्या मालकीची, वेगवेगळ्या जातीची, कधी बंद पडतील याचा भरवसा नसलेली यंत्रं एका कामाला कशी जुंपायची.

या क्षेत्रात टिकलेला माणूस पाहायचा असेल, तर विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मिरॉन लिव्हनी पाहा. त्यांचा प्रश्न १९८०च्या दशकातला आहे. लोकांच्या टेबलावरची यंत्रं तासन्‌तास रिकामी असतात. मालकाचा हक्क न दुखावता ती इतरांच्या कामाला कशी लावायची? मालक परत आला, की पाहुण्या जॉबने निमूट उठायचं, आणि तरी त्याचं झालेलं काम वाया जाता कामा नये. त्यातून कॉन्डर निघालं. आज ते एचटीकॉन्डर नावाने चालू आहे, आणि सर्नच्या जॉबची रांगही तेच सांभाळतं. मधल्या काळात ग्रिडची लाट आली आणि ओसरली, क्लाउड आलं, कंटेनर आले. लिव्हनींचं काम बुडालं नाही, कारण त्यांनी लाटेचं नाव घेतलं नव्हतं, प्रश्न घेतला होता. मोजमापही त्यांनी स्वतःचंच लावलं. सेकंदाला किती वेगाने आकडेमोड झाली यापेक्षा महिन्या-वर्षात एकूण किती काम उरकलं, हे ते मोजत.

आता दुसरा प्रश्न. तुमच्याकडे असा प्रश्न आहे का? माझं मत: आहे, पण तुम्ही त्याच्याकडे कटकट म्हणून बघता आहात.

तुमच्या सॉफ्टवेअरमधला ‘मेलेले पुन्हा टाकायचे’ हा भाग उघडा. जॉब कशाने मरतो? एक, शेड्युलरने, म्हणजे जॉबना यंत्रं आणि वेळ वाटणाऱ्या प्रोग्रामने, दिलेली वेळ संपली. दोन, नोड, म्हणजे क्लस्टरमधला एक संगणक, बसला. तीन, डिस्कचा कोटा भरला. आणि चार, रन फुटला: दोन अणू नको इतके जवळ आले, बलांचे आकडे भडकले आणि आउटपुटमध्ये ओळीने ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडाच नाही’) छापले गेले. दुसऱ्या-तिसऱ्या कारणाशी रसायनशास्त्राला काही देणंघेणं नाही. चौथं कारण मात्र थेट तुमच्या रेणूबद्दल काहीतरी सांगतंय. आणि पहिलं दिसतं तितकं निरुपद्रवी नाही.

तुमचा प्रोग्राम या चौघांत फरक करतो का? बहुतेक घरगुती स्क्रिप्टांत एक ओळ असते: जॉब मेला, तर पुन्हा टाक, तीनदा मेला, तर सोडून दे. ही ओळ लिहिणाऱ्याला वाटतं, आपण कारकुनी करतोय. प्रत्यक्षात तिने एक शास्त्रीय निर्णय घेतलेला असतो. टाकून दिलेले रन अचानक, वाट्टेल तसे निवडलेले नसतात. सुरुवातीची रचना ताणलेली असेल, तर तिथून सुटलेले रन जास्त फुटतात, म्हणजे नेमक्या त्याच रचना तुमच्या सरासरीतून गळतात. पेपरात छापलं जातं, ‘५००० रनची सरासरी’. पण ती जगल्या-वाचल्यांची सरासरी असते.

वेळ संपल्याचं प्रकरण आणखी खोल आहे. समजा, तुम्ही रन ‘औषधाचा रेणू प्रथिनापासून सुटेपर्यंत’ चालवता आणि सुटायला किती वेळ लागला ते मोजता. १०० रन टाकले. क्लस्टरच्या २४ तासांच्या मर्यादेत ६० सुटले, ४० मारले गेले. साठांची सरासरी काढली, तर ती खऱ्यापेक्षा कमीच येणार, कारण हळू सुटणारेच कापले गेलेत. संख्याशास्त्रात यावर उपाय आहेत. रोग्यांच्या आयुर्मानाचा अभ्यास करणारे लोक असले अर्धवट राहिलेले आकडे रोज हाताळतात. पण मर्यादा क्लस्टरागणिक वेगळी असेल, इथे २४ तास, तिथे ७२, आणि कुठला जॉब कुठे जाईल हे शेड्युलर ठरवत असेल, तर? मग तुमच्या रसायनशास्त्राच्या उत्तरात शेड्युलरचं धोरण मिसळलं. ते वेगळं कसं काढायचं? सरांना हवं असलेलं विज्ञान ते हेच.

ही माझी कल्पनेची भरारी नाही. फोल्डिंग अ‍ॅट होम हा प्रकल्प २००० मध्ये सुरू झाला. लोकांच्या घरच्या संगणकांवर प्रथिनांची सिम्युलेशन्स चालवायची. घरचा संगणक कधीही बंद होणार, म्हणून एक लांबलचक रन अशक्य, हजारो छोटे तुकडे शक्य. पण प्रथिनाची घडी पडायला लागणारा वेळ एका तुकड्यापेक्षा कितीतरी मोठा. तुकडे कसे सांधायचे? या अडचणीतूनच मार्कोव्ह स्टेट मॉडेल्सच्या पद्धतीला मोठी चालना मिळाली: रचनांचे गट पाडायचे, एका गटातून दुसऱ्यात जाण्याच्या संभाव्यता छोट्या तुकड्यांवरून काढायच्या, आणि त्यांवरून दीर्घ काळाचं वर्तन सांगायचं. ज्यांना घरचे संगणक कधीच वापरावे लागले नाहीत, तेही आज ही पद्धत सर्रास वापरतात. यंत्रांच्या गैरसोयीने विज्ञानाला नवं गणित दिलं.

दुसरा एक धागा सांगतो. तुमचे रन वेगवेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर, वेगवेगळ्या कंपायलरने बांधलेल्या कोडवर चालतात. १ वर १६ शून्यं घ्या, त्यात १ मिळवा आणि मग ती मोठी संख्या वजा करा. संगणकाच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट गणितात उत्तर ० येतं. तेच आधी वजाबाकी करून मग १ मिळवला, तर उत्तर १. बेरजेचा क्रम बदलला, की उत्तर बदलतं, आणि किती कोरवर (प्रोसेसरमधल्या गणन-एककांवर) काम वाटलं यावर बेरजेचा क्रम बदलतो. प्रथिनाच्या सिम्युलेशनमध्ये हा शेवटच्या अंकातला फरक बघता बघता वाढतो आणि दोन रन पूर्ण वेगळ्या वाटेने जातात. मग दोन क्लस्टरवर ‘तेच’ उत्तर आलं, असं कधी म्हणायचं? तुमच्याकडे तर एकाच कामाचा अनेक केंद्रांवरचा वर्षानुवर्षांचा साठा आहे. असा साठा सहसा कुणाकडे नसतो, कारण बहुतेक लोक एकाच यंत्राशी लग्न लावून बसलेले असतात.

‘नुसतं उपयोजन’ म्हणणाऱ्या मॅडमना एक आठवण सांगता येईल. २००६ च्या अखेरीस प्रथिनांच्या रचनांवरचे नावाजलेले शोधनिबंध मागे घ्यावे लागले होते, आणि सगळे मिळून ते पाच झाले. ते निबंध लिहिणाऱ्या लॅबमधल्या घरच्या प्रोग्राममध्ये डेटाचे दोन स्तंभ उलटसुलट झाले होते, आणि त्यापायी रचना आरशातल्यासारखी उलटी आली होती. त्या प्रोग्रामलाही तोवर कुणी संशोधन म्हणत नव्हतं. मात्र मॅडमशी वाद घालायला जाऊ नका. त्या एक रास्त गोष्टही सांगताहेत: तुमचे रन एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे ते हजार ठिकाणी वाटणं यात संगणकशास्त्राच्या दृष्टीने नवं काही नाही. नवं असेल ते अपयशाच्या निदानात. लॉगवरून मरणाचं कारण आपोआप ओळखणं, पुन्हा टाकायचं की नाही आणि टाकायचं तर कुठे हे ठरवणं, त्यात किती कोर-तास वाचले ते मोजणं, आणि आधीच्या पद्धतींशी तुलना करून दाखवणं. एवढं असेल, तर त्या ऐकतील.

म्हणून थीसिस पूर्ण होण्याआधी एक काम करा. गेल्या दोन वर्षांचे लॉग काढा आणि प्रत्येक मेलेल्या जॉबपुढे कारण लिहा. सगळे हाताने होणार नाहीत. काही शे हाताने करा, बाकीच्यांसाठी नियम लिहा. मग तुमच्या लॅबचा छापून आलेला एखादा ठळक निष्कर्ष घ्या आणि टाकून दिलेल्या रनचा योग्य हिशोब धरून पुन्हा काढा. आकडा हलला, तर तो रसायनशास्त्राचा पेपर आहे, आणि थोडा नाजूक प्रसंगही, त्यामुळे सरांना पहिल्यांदा एकट्यात दाखवा, लॅब मीटिंगमध्ये नाही. आकडा हलला नाही, तर ‘अमुक इतके रन गळाले तरी चालतं, का चालतं, आणि कुठवर चालेल’ हा पद्धतींवरचा पेपर आहे. जुने लॉग डिस्क साफ करताना कुणी उडवले असतील, तर आजपासून जपायला लागा.

आता थोडं विभागांच्या मानसिकतेबद्दल. निवड समित्यांवर बसण्याचा योग मला आलेला आहे, आणि तुमच्यासारख्यांचे अर्ज बुडतात ते बहुधा एकाच कारणाने: एकच अर्ज दोन्हीकडे पाठवला जातो. संगणकशास्त्रात परिषदांतले पेपर चालतात, एससी, एचपीडीसी, आयपीडीपीएस ही नावं तिथे वजनदार आहेत. रसायनशास्त्राच्या समितीला ती नावं ठाऊकच नसतात. ती जर्नल बघते आणि विचारते, रेणूबद्दल काय कळलं? दोन्हीकडची आवड पुरस्कारांतही दिसते. २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल कारप्लस, लेव्हिट आणि वॉर्शेल यांना मिळालं. तिघांनी कोड भरपूर लिहिला होता, पण गौरव झाला तो क्वांटम आणि अभिजात यांत्रिकी एकाच गणितात कशी बसवायची या कल्पनेचा. उलट जॅक डोंगारा यांचं २०२१ चं संगणकशास्त्रातलं ट्युरिंग पारितोषिक संख्यात्मक पद्धतींइतकंच, दशकानुदशकं जगभर वापरल्या गेलेल्या सॉफ्टवेअर लायब्ररींसाठीही होतं. तुमचं काम दोन्ही भाषांत मांडता येतं, पण एकाच कागदावर नाही. दोन वेगळे अर्ज लिहा, दोन वेगळी भाषणं तयार करा. आणि ‘पुढची पाच वर्षं काय करणार?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव घेऊ नका. ‘त्याची पुढची आवृत्ती काढणार’ हे उत्तर मी ऐकलंय, आणि त्यानंतर खोलीत पडलेली शांतताही. एआयबद्दलही तेच. तुमच्या प्रश्नाला त्याची गरज असेल तर वापरा, पण अर्जाच्या शीर्षकात ते चिकटवलेलं असलं, की वाचणाऱ्याला चटकन कळतं.

ते दिवसभराचे निरोप आधी थांबवा. तुम्ही चांगल्या आहात, लगेच उत्तर देता, म्हणून लोक विचारतात; त्यात त्यांचा दुष्टपणा नाही. पण कामापुरता मामा होऊन पीएच.डी. संपत नाही. तक्रारी एकाच ठिकाणी, सगळ्यांना दिसतील अशा नोंदवायला सांगा. आठवड्यातला एक ठराविक वेळ त्यांना द्या. तोच प्रश्न पुन्हा आला, की उत्तर माहितीपत्रकात लिहा आणि फक्त दुवा पाठवा. पहिले काही दिवस लोक कुरकुरतील. बाहेरच्या लॅबना स्पष्ट सांगा, की त्यांच्यातला एक माणूस शिकून तयार व्हायला हवा. एखादा ज्युनियर हाताशी असेल, तर त्याला कोडचा एक भाग पूर्ण सोपवा, आणि तो भाग त्याच्याच नावावर असू द्या. तुमच्यावर जो अन्याय झाला, तो पुढे सरकवू नका.

अन्याय हा शब्द मी मुद्दाम वापरला. आभारात नाव ही मदतीची पावती असते. तुमच्या सॉफ्टवेअरशिवाय जो निष्कर्ष निघालाच नसता, आणि ज्यात रन कसे आखायचे हे तुम्ही ठरवलंत, त्या पेपरात तुमचं नाव लेखकांत हवं. पण हे मागायची वेळ पेपर लिहून झाल्यावरची नाही. काम सुरू होतानाच विचारायचं: ‘यात माझा सहभाग काय धरायचा?’ प्रश्न साधा आहे, पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळते, नंतर सवय होते. झालेल्या पेपरांबद्दल भांडू नका, हाती काही लागणार नाही. त्याऐवजी सॉफ्टवेअरला स्वतःची ओळख द्या. कोडची मालकी कुणाची हे आधी संस्थेत विचारा, मग परवाना लावून तो खुला करा आणि झेनोडोवर ठेवा. सर्नने २०१३ मध्ये सुरू केलेली ही सेवा प्रत्येक आवृत्तीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, देते, म्हणजे लोकांना संदर्भ देता येतो. जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर २०१६ पासून चालतं. तिथे निबंध छोटा असतो आणि परीक्षक कोडही तपासतात. हे करा, पण याला प्रश्नाच्या पेपराचा पर्याय समजू नका. समितीत सॉफ्टवेअरचा निबंध जमेची बाजू म्हणून वाचला जातो, पायाभूत काम म्हणून अजून तरी क्वचितच.

राहिला तिसरा प्रश्न, नोकरी. जितके लोक पीएच.डी. होतात, तितक्या कायमच्या प्राध्यापकीच्या जागा नसतात. हे सगळ्याच विज्ञानशाखांत आहे; तुमच्याकडे त्यात विभागांच्या भिंतींची भर पडते. प्राध्यापकी हवी असेल, तर एक-दोन पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकऱ्या), गावं बदलणं आणि वर्षावर्षाचे करार धरून चाला. पोस्टडॉक निवडताना गटाची कीर्ती कमी बघा आणि दोन गोष्टी विचारा. तिथलं सॉफ्टवेअर कोण सांभाळतं? ‘तुम्हीच’ असं उत्तर आलं, तर तुमचं हेच पत्र तीन वर्षांनी पुन्हा लिहावं लागेल. आणि संगणकीय वेळेसाठी माझ्या नावाने अर्ज करता येईल का? बऱ्याच मोठ्या केंद्रांत पोस्टडॉकला तो करता येतो. त्यात कोड किती कोरपर्यंत नीट वाढतो ते दाखवावं लागतं, कोर-तासांचा हिशोब द्यावा लागतो. अ‍ॅमडालचा नियम तिथे पुस्तकातून बाहेर येतो: कामाचा ५ टक्के भाग समांतर होत नसेल, तर हजार कोर लावूनही वेग विसाच्या पटीपुढे जात नाही. असा मंजूर झालेला अर्ज म्हणजे निधी मिळवण्याचा तुमचा पहिला पुरावा, आणि समित्या तो बारकाईने बघतात.

प्राध्यापकी आणि कंपनी यांच्या मधली एक वाटही आहे. २०१२ च्या सुमारास ब्रिटनमधून ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनियर’ ही ओळख पुढे आली, आणि आता बऱ्याच विद्यापीठांत आणि संगणकीय केंद्रांत अशी पदं आहेत. संशोधनाच्या जवळ राहायचं, चांगला कोड लिहायचा, शिबिरांत शिकवायचं. तुमच्या पत्रात ‘शिकवायचंय’ हा शब्द आहे म्हणून मुद्दाम सांगतो, ते इथेही भरपूर होतं. दोष असा, की यातली अनेक पदं प्रकल्पाच्या पैशावर टांगलेली असतात, आणि प्रश्न निवडण्याचं स्वातंत्र्य दुसऱ्याकडे असतं. ज्याला दुसऱ्याचा अडकलेला जॉब सोडवण्यात मनापासून आनंद वाटतो, त्याला ही जागा प्राध्यापकीपेक्षा मानवते. तुम्हाला तो आनंद वाटतो की नुसता नाही म्हणता येत नाही, हे मला पत्रावरून कळत नाही.

कंपनीत जाणं म्हणजे हरणं, असं मी मानत नाही. मोठ्या यंत्रसमूहांवरचे अवघड प्रश्न आज तिथेही आहेत, कधी कधी तिथेच आहेत. परत यायचं झालं, तर संगणकशास्त्रात दार बरंच उघडं असतं. रसायनशास्त्रात पेपरांत पडलेला खंड खुपतो. पण थीसिस अर्धवट टाकून जाऊ नका. पगाराच्या नोकरीत संध्याकाळी बसून ती पूर्ण करीन, असं सगळेच म्हणतात.

तर माझा सल्ला असा. कंपनीला आज नाही म्हणू नका. थीसिस सादर केल्यानंतरची रुजू होण्याची तारीख मागा. चांगला उमेदवार हवा असला, की कंपन्या बहुधा थांबतात, मात्र तारीख लेखी घ्या. तोवरच्या वेळात तो मेलेल्या जॉबचा तक्ता करा, आणि तो करताना स्वतःकडे लक्ष ठेवा. पहिल्या काही शे ओळींनंतर ‘हे रन इथेच का फुटतात?’ असा प्रश्न मनात घोळायला लागला, रात्री उशिरा आणखी एक गट तपासून बघावासा वाटला, तर पोस्टडॉकचे अर्ज भरा. तक्ता कधी एकदा संपतो असं झालं, तर ऑफर घ्या. दोन्हीत काहीही झालं, तरी तक्ता सरांना दाखवा. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर त्यांना दुसरं कुणी देणार नाही.